नामी घरी आली तेव्हा
(रूथ १:१९-२२)



दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाब देशी गेलेली नामी सुमारे दहा वर्षांनी परत आली, ही कथा आपणांस ठाऊक आहे. जाताना सोबत पती व दोन पुत्र होते. तिघांनाही ती परक्या मातीत ठेवून आली होती. सारे गाव गजबजले. ही नामीच का, असे बाया विचारू लागल्या. तेव्हा ती म्हणाली की, मला नामी, म्हणजे मनोरमा, म्हणू नका. मारा, म्हणजे कडू, म्हणा. मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी आणली.

ती हे बोलत असता रूथ तिच्या शेजारीच उभी होती! पुष्कळ उपदेशक येथे नामीस कृतघ्न ठरवितात. मीही ठरवीत असे.

पुढे आपल्याच मंडळीतील एक तरुण आखाती देशातून मुदतीपूर्वी परतला. त्यास झोप नाही, अन्नावर वासना नाही. दिवसभर मागच्या खोलीत बसून राही. दोन पंचांस घेऊन मी भेटीस गेलो. एकाने घरावरील कर्जाविषयी विचारले, दुसऱ्याने शेजारच्या स्लॅबच्या घराची गोष्ट काढली, आणि मी तर त्याचा आळस दूर व्हावा म्हणून मोठ्याने प्रार्थना केली. त्याने मान वर केली नाही. उंबऱ्याशी त्याची आई मला म्हणाली, “पाळकसाहेब, त्याला ताप असता तर तुम्ही असंच बोलला असता का?”

मजपाशी उत्तर नव्हते. नामीस काय झाले होते ते शास्त्र सांगत नाही; परंतु या मुलाचे दुखणे नैराश्य हा आजार होता. अशा मनुष्यास शेजारी उभे असलेले प्रेमही आपले वाटत नाही. त्यात परदेशचे ठिकाण सुटलेले, आणि घरी सर्वांचे डोळे त्याच्या पेटीकडे! जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. औषधाचा गुण येण्यास बहुधा काही आठवडे लागतात, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून ते सोडू नये. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर उपदेशकांनो, त्यास एकटे सोडू नका. प्रार्थना त्याच्यापाशी बसूनच करा.

बेथलेहेमात नामीच्या कडू शब्दांबद्दल तिला कोणी दटावल्याचे लिहिलेले नाही. देवानेही दटावले नाही. सातूच्या हंगामाचा तो आरंभ होता. रूथ शेतात सरवा वेचावयास गेली व संध्याकाळी एफाभर सातू घेऊन आली. शिवाय दुपारच्या जेवणातून राखून ठेवलेला हुरडाही तिने सासूपुढे ठेवला. त्यानंतर नामीच्या तोंडून परमेश्वराचा धन्यवाद निघाला. आधी धान्य आले, मग धन्यवाद. हा क्रम मला इतकी वर्षे दिसला नव्हता.

त्या आईस मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली, आणि मुलास रुग्णालयात नेण्यासाठी एक पंच आपली मोटारसायकल घेऊन आला. आता तिसरा महिना चालू आहे. गेल्या रविवारी तो दाराजवळ सतरंजीच्या टोकाला बसला होता. माझा उपदेश संपण्यापूर्वीच तो उठून गेला. का गेला, असे कोणी विचारले नाही.