जन्मस्थळाची अपुरी कसोटी

परदेशात जन्मलेल्या नागरिकाला राष्ट्रप्रमुख होता यावं का, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ऋषी सुनक आणि लिओ वराडकर यांची नावं पुढे येतात. सुनक साउदम्प्टनला जन्मले, वराडकर डब्लिनला. म्हणजे दोघांचा जन्म ज्या त्या देशातलाच, आणि दोघंही सरकारचे प्रमुख होते, राष्ट्राचे नव्हेत. मालवण तालुक्यातल्या वराड गावाला आपल्या माणसाच्या मुलाचा अभिमान वाटला हे योग्यच झालं, पण या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो एमन डी व्हॅलेरा यांचा. त्यांचा जन्म न्यूयॉर्कचा, आणि 1959 ते 1973 अशी चौदा वर्षं ते आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचं नाव आपल्या वादात येत नाही, कारण हा वाद 1999 पासून एकाच व्यक्तीभोवती घुटमळतो आहे. पवार, संगमा, अन्वर, राष्ट्रवादीचा जन्म, 2004 मध्ये इटलीत जन्मलेल्या सोनिया गांधींनी नाकारलेलं पंतप्रधानपद, हे सगळं वाचकांना पाठ आहे. राजकारणाने तो प्रश्न सोयीने उचलला आणि सोयीने खाली ठेवला. त्याचा विचार मात्र कुणी शेवटपर्यंत केला नाही.

‘इटलीत भारतीयाला असं पद मिळेल का?’ असं विचारणारे आपलं संविधान दुसऱ्याच्या कायद्याकडे गहाण टाकतात. समतेच्या तत्त्वाने हा प्रश्न आपोआप सुटतो असं मानणाऱ्यांनी राष्ट्रपतीपदासाठी 35 वर्षं वयाची अट संविधानातच आहे, हे आठवावं. या दोन्ही मतांवर मी अधिक शब्द खर्च करणार नाही.

ज्याला उत्तर द्यायलाच हवं, तो युक्तिवाद मातीचा आहे. राष्ट्रपती हे सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती असतात. तिथे निष्ठेबद्दल तिळमात्र संशय नको, म्हणून त्या जागी याच मातीत जन्मलेला माणूस हवा, असं तो सांगतो. अमेरिकेच्या घटनाकारांनाही हीच काळजी होती. सरसेनापतीपद जन्मजात नागरिकाकडेच असावं, असं जॉन जे यांनी 1787 मध्ये वॉशिंग्टन यांना पत्राने सुचवलं होतं. आपल्या कलम 58 ने ही अट घातली नाही. भारताचा नागरिक असणं त्याला पुरेसं वाटलं. तरीही संशय नको, हे मला पूर्ण मान्य आहे. जन्मस्थळाने तो फिटतो, हे मान्य नाही.

मनोहर पर्रीकर यांचा जन्म 13 डिसेंबर 1955 चा, म्हापशाचा. त्या दिवशी म्हापशात पोर्तुगालचं राज्य होतं. गोवा मुक्त झाला 1961 च्या डिसेंबरात, आणि गोवेकरांना भारताचं नागरिकत्व मिळालं ते 1962 च्या सरकारी आदेशाने. हेच पर्रीकर 2014 मध्ये देशाचे संरक्षणमंत्री झाले. जन्माच्या वेळी तिथे राज्य कुणाचं होतं यावर पात्रता ठरवायची, तर ज्याच्या हाती देशाने संरक्षण खातं सोपवलं तो माणूस राष्ट्रपतीपदाला अपात्र ठरतो. 1975 पूर्वी सिक्कीममध्ये जन्मलेल्या प्रत्येकाचं तेच.

मातीवाले म्हणतील, गोवा तर पूर्वापार भारतच होता. अगदी खरं. पण असं म्हणताच त्यांनी स्वतःची कसोटी सोडलेली असते. जन्मदाखल्यावरचं राज्य बाजूला ठेवून ते माणसाच्या मनातला देश पाहू लागतात. आणि मनातला देश पाहायचा, तर जन्मदाखला मागायचा कशाला? इथे अडचण झाली की माती सुटते आणि वंश पुढे येतो: आईबाप भारतीय हवेत.

म्हणून पेरूकडे पाहावं. आल्बेर्तो फुजिमोरी लिमामध्ये जन्मले. मातीच्या कसोटीला ते सहज उतरले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबर 2000 मध्ये भ्रष्टाचाराचं प्रकरण अंगाशी आल्यावर त्यांनी टोकियोहून फॅक्सने राजीनामा पाठवला. जपानने त्यांना आपला नागरिक मानलं आणि पेरूच्या हवाली करायला नकार दिला. वंशवाले म्हणतील, बघा, रक्त शेवटी रक्ताकडे गेलं. पण त्यांना वाचवलं ते रक्ताने नव्हे. त्यांच्या आईबापांनी मुलाचं जपानी नागरिकत्व वकिलातीत नोंदवून ठेवलं होतं, त्या नोंदीने वाचवलं.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. राष्ट्रप्रमुख कुठून आला यापेक्षा त्याला दुसरीकडे कुठे जाता येतं, हे पाहिलं पाहिजे. नोंदणीने भारतीय झालेल्या माणसावर आपला कायदा आधीच जास्त कडक आहे: संविधानाशी द्रोह केला तर 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याचं नागरिकत्व काढून घेता येतं, जन्मजात नागरिकाचं तसं घेता येत नाही. उलट याच मातीत जन्मलेल्याकडे दुसरी वाट असू शकते. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल अजूनही आपलं नागरिकत्व देऊ करतं. लिस्बनला जन्माची नोंद केली की ती वाट खुली होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले, एवढ्याने नातवाला अपात्र ठरवायचं का? मुळीच नाही. दुसऱ्या देशाने देऊ केलेला हक्क वेगळा आणि माणसाने स्वतःसाठी नोंदवून, राखून ठेवलेला हक्क वेगळा. पहिल्यात त्याचा काही दोष नाही. दुसरा मात्र त्याने सोडलाच पाहिजे, आणि आईबापांनी नोंदवलेला असेल तर सज्ञान झाल्यावर त्याने तो सोडला का, हे विचारलंच पाहिजे.

कलम 58 बदलायचंच असेल, तर उमेदवाराने देशात दीर्घकाळ राहिलेलं असावं, अशी अट घालायला माझी हरकत नाही. अमेरिका चौदा वर्षं मागते, आपण वीस मागू. त्याबरोबर, परदेशात नागरिकत्वाची कोणतीही नोंद किंवा अर्ज आपल्या नावे शिल्लक नाही, असं शपथपत्र हवं. आणि ते इटलीतल्या लुसियानात जन्मलेल्या उमेदवाराइतकंच लातुरात जन्मलेल्या उमेदवाराकडूनही घ्यायला हवं.