ऐकलेल्या कीर्तनांची वही



वाचक माउलींनो, गेल्या वर्षी एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपून मी निघण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात एक मध्यम वयाचे गृहस्थ पुढे आले, पाया पडले आणि लाल फडक्यात बांधलेली एक लांबट चोपडी त्यांनी माझ्या हाती दिली. म्हणाले, "महाराज, बाबा गेले माघात. जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, ही बुवांना द्या म्हणून. आम्हाला वाटलं देण्याघेण्याचा हिशेब असेल. उघडून पाहिली तर सगळी कीर्तनंच." त्यांचे वडील मला आठवत होते. जुने माळकरी. मंडपात नेहमी खांबाला टेकून बसायचे, कधी पुढे यायचे नाहीत.

रात्री बिऱ्हाडी ती चोपडी उघडली. पहिली नोंद 1974 सालची. प्रत्येक नोंदीत तिथी, गाव, निरूपणाला घेतलेल्या अभंगाचे ध्रुपद आणि त्याखाली एक ओळ, फार तर दोन. बुवा कसे दिसत होते, श्रोते किती जमले होते, पंगतीला काय होते, याचा कोठे उल्लेख नाही. दोन ओळींत असायचे ते त्यांचे स्वतःचेच.

एके ठिकाणी लिहिले होते : "भावाभावांचे निरूपण. धाकट्याकडे जायचे ठरवले." पुढच्या वर्षी त्याच सप्ताहाची नोंद : "अजून गेलो नाही." त्याच्या पुढच्या वर्षी : "बांधापर्यंत जाऊन परत आलो." आणि चौथ्या वर्षी एकच शब्द : "गेलो." माउली, चाळीस वर्षे मी गादीवर उभा राहून बोलतो आहे, पण त्या एका शब्दाएवढे निरूपण माझ्या हातून कधी झाले असेल, असे मला वाटत नाही.

पाने उलटता उलटता माझे नाव आले. कुतूहल वाटले, खोटे कशाला सांगू! नोंद अशी होती : "बुवांनी क्रोधावर सांगितले. फार चांगले. पण चालीच्या वेळी मृदंगवाल्यावर डोळे वटारले, त्याचा हात थांबला. घरी आलो तर भाकर करपली होती म्हणून मीही सुनेवर ओरडलो. बुवांचे आणि माझे सारखेच."

ती रात्र मला आठवली. त्या मृदंग वाजवणाऱ्या गृहस्थांनी पुढे माझी साथ कधी केली नाही. शेतीच्या कामामुळे सवड होत नसेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. चोपडीने ती समजूत काढून घेतली.

आता मी माझ्या वहीविषयी सांगतो. विद्यार्थिदशेत मीही वही ठेवत असे. कोणाचे कीर्तन ऐकले, कोणता दृष्टांत दिला, कोणती चाल लावली, कोठे टाळ्या पडल्या, सर्व टिपलेले. समासात बारीक अक्षरांत खूण असे : "उपयोगी." म्हणजे मी श्रवण करीत नव्हतो, बाजारातून माल भरत होतो. शास्त्रकार पळीचा दृष्टांत देतात. पळी अहोरात्र पक्वान्नात फिरते, पण रस तिला कळत नाही. तशी माझी गत. शंभर कीर्तने टिपली, मी मात्र कोरडाच.

येथे कोणी पूर्वपक्ष करील : "बुवा, श्रवण ही तर कानाची भक्ती. आपले वेद मुखाने आणि कानाने टिकले. मग कागदाची गरज काय? लिहून ठेवले की मन निश्चिंत होते आणि विसरते." शंका योग्य आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे खरे. परंतु उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला उपदेश करतात तेथे श्रवणापाशी थांबत नाहीत; श्रवणापुढे मनन आणि मननापुढे निदिध्यासन आहे. आपण बहुतेक जण कीर्तनाच्या मंडपातून श्रवण घेऊन उठतो आणि चपला शोधताना ते तेथेच ठेवून येतो. वही ही श्रवणासाठी नाही. ती मननाची पायरी आहे.

आणि लिहिण्याला आपल्या संप्रदायात कमीपणा कधीच नव्हता. शके 1212 मध्ये नेवाशाला माउली बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी उतरून घेतले, तुकोबांचे अभंग त्यांचे टाळकरी संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. शके 1506 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे हात लिहिते राहिले नसते तर आज आपण कशावर निरूपण केले असते?

परंतु ती झाली वक्त्याच्या शब्दांची नोंद. मी म्हणतो ती श्रोत्याची, आणि तिचा थोर दाखला बहिणाबाईंचा आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या बाल वयात जात, त्यांच्याबरोबर त्यांचे वासरूही जाई. वासराला मंडपाबाहेर काढले, स्वामींनी ते आत आणविले, त्यावरून घरी मार बसला, वासरू गेले, तुकोबांचा ध्यास लागला, स्वप्नात अनुग्रह झाला. हे सारे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगून ठेवले आहे. कीर्तनात काय ऐकले एवढेच नव्हे, कीर्तनाने आपले काय झाले, हे त्यांनी सांगितले. म्हणून ती नोंद आजही जिवंत आहे.

आणखी एक पाहा. गीता अर्जुनाने ऐकली, तशी संजयाने ऐकली आणि संजयाच्या मुखातून धृतराष्ट्रानेही ऐकली. अठराच्या अठरा अध्याय. संजयाच्या अंगावर पुन्हा पुन्हा रोमांच उभे राहिले. धृतराष्ट्राचे काय झाले? काही नाही. शब्द तेच, अक्षर कमी नाही की अधिक नाही. तो मुलांच्या मोहात होता तसाच राहिला. धृतराष्ट्राने वही ठेवली असती तर त्यात तिथी आणि अध्याय बिनचूक आले असते. खालची ओळ मात्र कोरी राहिली असती. आपल्या वहीतली ती ओळ कोरी आहे का, एवढेच पाहायचे.

आजकाल मंडपात मोबाइल पुष्कळ दिसतात. दोन तासांचे कीर्तन त्यात उतरते. मी त्याला नावे ठेवणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरबसल्या कीर्तन ऐकायला मिळते, ही भगवंताची कृपाच. पण ज्याचा हात यंत्र धरण्यात गुंतला, त्याला टाळी वाजवता येत नाही. आणि 'मागाहून ऐकू' म्हणून ठेवलेले कीर्तन त्याच्या पोटात तसेच पडून राहते. शिवाय त्यात उतरते ते बुवांचे. श्रोत्याचे त्यात काहीच नसते.

तेव्हा वही कशी ठेवावी? त्या बाबांच्या चोपडीवरून मला कळले ते सांगतो. कीर्तन चालू असता लिहू नये. तेव्हा दोन्ही हात टाळीला मोकळे असावेत. घरी आल्यावर, निजण्यापूर्वी लिहावे. तिथी, गाव, ध्रुपद आणि स्वतःविषयी एक ओळ, त्याहून अधिक नको. ती खरी असावी. 'फार आनंद झाला' हे रोज लिहिण्यात अर्थ नाही. काहीच लागले नसेल तर 'काही लागले नाही' असे लिहावे. तेही सत्यच आहे. किती कीर्तने झाली याची बेरीज करू नये, बेरजेबरोबर अहंकार वाढतो. वही कोणाला दाखवत फिरू नये. एकादशीला मागची पाने चाळावीत, म्हणजे ठरवलेले काय राहिले ते समजते. ज्याला लिहिता येत नाही त्याने नातवाला सांगून लिहवून घ्यावे. त्या निमित्ताने नातवाच्या कानावरही दोन शब्द पडतील. आणि हे केवळ श्रोत्यांनी नव्हे, आम्ही कीर्तनकारांनीही करावे. आम्हाला तर अधिक गरज आहे, कारण आमचे बोलणेही आम्हीच ऐकत नाही.

त्या चोपडीची शेवटची नोंद पौषातली आहे. अक्षर कापरे, ओळ खाली उतरत गेलेली. "कानांनी साथ सोडली. बुवा काय बोलले ते समजले नाही. विठ्ठल विठ्ठल एवढे ऐकू आले. तेवढे पुरे."

चोपडी वाचून झाल्यावर आठ दिवसांनी मी त्या मृदंगवाल्यांच्या गावी गेलो. ते ओसरीवर बसले होते. थकले आहेत आता. मी हात जोडले आणि झाले ते सांगितले. ते म्हणाले, "बुवा, एवढ्यासाठी कशाला आलात? जुनी गोष्ट." पण बोलताना त्यांनी मान वर केली नाही. चहा घेतला, थोडा वेळ बसलो आणि निघालो. मृदंग भिंतीला खोळीत टांगलेला होता.

त्या रात्री मी नवी वही घातली. पहिल्या पानावर त्या क्रोधाच्या कीर्तनाची तिथी लिहिली आणि खाली ओळ लिहिली : "क्षमा मागितली. फार उशीर झाला."

माउली, आपण इतका उशीर करू नये, एवढीच विनंती. आज रात्री कीर्तनाहून आलात की दिवा मालवण्यापूर्वी ती एक ओळ लिहा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल. इति शम्.