दृढीकरण आणि नकाराचा अधिकार

बाप्तिस्म्याच्या वेळी अर्भकाच्या वतीने इतरांनी दिलेली वचने कॅथलिक दृढीकरणात उमेदवाराने स्वमुखाने उच्चारावयाची असतात. म्हणूनच १९८३च्या धर्मसंहितेचे ८८९वे कलम जाणत्या उमेदवाराकडून शिक्षण, योग्य मनोभूमिका आणि त्या वचनांच्या नूतनीकरणाची क्षमता अपेक्षिते. जेथे नकार अशक्य, तेथे होकार निरर्थक; केवळ कुटुंबाच्या आग्रहाखातर किशोराने घेतलेली शपथ कुटुंबाच्याच श्रद्धेचा अवमान करते. परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. जॉइसच्या १९१६च्या कादंबरीत आईची इच्छा डावलून ईस्टरचा संस्कार नाकारणाऱ्या स्टीफनला क्रॅन्ली तिच्या प्रेमाची आठवण देतो. हा आक्षेप नकाराचा अधिकार हिरावून घेत नाही. त्याचे मोल सांगतो. ते दुःख ओळखून दिलेला नकारच नैतिक ठरतो. अन्यथा ते निव्वळ बंड होय.