मागणं आणि घेणं

मागण्याला आपल्या भाषेत फारसा मान नाही. हात पसरणं, तोंड वेंगाडणं, उंबरठे झिजवणं, पदर पसरणं. कुठलाही शब्दप्रयोग घ्या, मागणाऱ्याची मान त्यात खालीच असते. घेणाऱ्याचं तसं नाही. "त्याने पोराला बरोबर चिकटवून घेतलं" असं आपण म्हणतो, आणि त्या म्हणण्यात थोडं कौतुकच असतं.

हे डोक्यात आलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीमुळे. ती सुरतेत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सुट्टीचे दोन महिने एखाद्या गुंतवणूक कंपनीत, मुंबईला नाहीतर गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत, बिनपगारी का होईना पण काम शिकायचं आहे. इंटर्नशिप म्हणतात ती. त्यासाठी ती रोज संध्याकाळी चार-पाच अगदी अनोळखी माणसांना ई-मेल पाठवते. त्या मेलला 'कोल्ड' म्हणतात, म्हणजे आधीच्या ओळखीची ऊब नसलेला. चाळीसेक गेले, उत्तरं आली तीन, त्यातले दोन नकार. तिच्या आईला हे आवडत नाही. "लोकांच्या दारात काय उभं राहायचं? तुझ्या बाबांच्या ओळखीतून बघू की." मुलगी म्हणते, "आई, दारात उभी नाही राहत, बेल वाजवते फक्त."

आता हजीऱ्याची गोष्ट अशी आहे की बाबांच्या ओळखी पुष्कळ, पण या कामाच्या एकही नाही. तापीच्या मुखाशी हा सगळा कारखान्यांचा पट्टा. कृभकोचं खत, पोलादाचा मोठा कारखाना, एलअँडटीची अवजड यंत्रं, गॅसचं टर्मिनल, बंदर. कॉलनीत जो तो कुठून कुठून आलेला. आम्ही सांगलीकडचे, ते जळगावचे, शेजारी ओडिशातले. भट्टीबद्दल विचारा, युरियाबद्दल विचारा, दहा जण सांगायला बसतील. शेअर बाजाराच्या कचेरीत कुणाचा मावसभाऊ आहे का विचारा, सगळे एकमेकांकडे बघतात.

आणि इथून पंचवीस-एक किलोमीटरवर सुरत, जिथे ओळखीशिवाय पान हलत नाही. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात जाऊन बघा. रस्त्यावर उभं राहून, कागदाच्या पुड्या उघडून, लाखोंचा माल या हातातून त्या हातात जातो. सगळा मामला शब्दावर. तिथे नवा मुलगा कामाला ठेवायचा तर पहिला प्रश्न, 'ओळखाण छे?' याला सरसकट वशिला म्हणणं मला पटत नाही. ज्याने मुलाला आणलं, त्याची पत मुलाबरोबर पणाला लागते. उद्या पुडी गायब झाली तर जाब त्याला द्यावा लागतो. ओळखीत जबाबदारी असेल तर ती ओळख स्वच्छ आहे.

पण फोनवरची ओळख बहुधा तशी नसते. "अहो, आपली मुलगी आहे, बघा जरा" एवढंच वाक्य असतं. त्या मुलीला हिशेबपत्रक वाचता येतं की नाही, हे फोन करणाऱ्याला ठाऊक नसतं आणि विचारायचंही नसतं. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : भीड. समोरच्यावर भीड घालायची, की मग तो 'नाही' म्हणूच शकत नाही.

आमच्याकडे अचौर्याच्या व्रताची व्याख्या लहानपणी पाठशाळेत शिकवत. दुसऱ्याचं चोरू नका एवढ्यावर ती थांबत नाही. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. या व्याख्येने बघितलं तर आपला नेहमीचा हिशेब उलटा होतो. अनोळखी माणसाला पत्र लिहून "मला शिकायचं आहे, जागा द्याल का?" असं विचारणारी मुलगी काहीच घेत नाही. 'नाही' म्हणायचा, अगदी उत्तर न द्यायचाही हक्क ती समोरच्याकडे शाबूत ठेवते. भीड घातली की तो हक्क जातो. एकच जागा असेल तर तिसऱ्याच कुणा मुलाची, ज्याने कदाचित शंभर पत्रं लिहिली असतील, त्याची जागाही न विचारता उचलली जाते. आणि यातलं लाजिरवाणं कुठलं, तर आपण म्हणतो पत्र!

मागणं सोपं असतं असं मात्र नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात साधूने सोसायचे 22 परीषह सांगितले आहेत. तहान, भूक, थंडी, ऊन यांच्या यादीत याचना आहे, आणि तिच्या अगदी पुढे अलाभ. मागण्याचा त्रास, लगेच न मिळण्याचा त्रास. याचनेचा अर्थ आमच्यातच दोन तऱ्हांनी लावतात. आम्हा दिगंबरांचे मुनी तोंडाने मागत नाहीत. श्रावकच दाराशी उभा राहून त्यांना बोलावतो, आणि प्राण गेला तरी दीनवाणं मागायचं नाही हा त्यांचा परीषह. सुरतेत श्वेतांबर साध्वीजी गोचरीला घरोघर जाताना मी बघते. त्यांच्या परंपरेत सगळं मागूनच मिळवायचं असतं, म्हणून मागण्याचा संकोच सोसणं हा परीषह. थोडं या घरून, थोडं त्या घरून, कुणावर भार पडू द्यायचा नाही. मी दिगंबर घरातली असले तरी या मुलीच्या बाबतीत मला तो दुसरा अर्थ जवळचा वाटतो.

तिची मेल मात्र मी वाचली, आणि एका ठिकाणी अडले. 'आपल्या कारकिर्दीने मी अत्यंत प्रभावित झाले आहे.' कारकीर्द तिने दहा मिनिटांपूर्वी वाचलेली. पुढे, 'फक्त पंधरा मिनिटं मार्गदर्शन हवं आहे.' हवी आहे इंटर्नशिप! विचारलं तर म्हणाली, "काकू, सगळे असंच लिहितात. थेट मागितलं तर उद्धट वाटतं." तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. सौजन्याला थोडी साखर लागतेच. पण साखर वेगळी आणि खोटं वेगळं. मार्गदर्शनाच्या नावाखाली नोकरी मागितली की समोरच्याने 'हो' कशाला म्हटलं हे त्यालाच कळत नाही. म्हणजे पुन्हा न दिलेलं घेणंच आलं, जरा पातळ केलेलं.

रामानुजन यांनी 1913 च्या जानेवारीत केंब्रिजच्या हार्डींना लिहिलेलं पत्र या बाबतीत बघण्यासारखं आहे. सुरुवातीलाच ते सांगतात, मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, पगार अमुक. आणि मग पानांमागून पानं, आपल्याला काय येतं ते. त्याआधी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांकडून त्यांना मदत मिळाली नव्हती, हे आपण गोष्ट सांगताना गाळतो. सगळे काही रामानुजन नसतात, पण मी कोण, मला काय येतं, मला काय हवं, हे क्रमाने लिहायला गणिताची प्रतिभा लागत नाही. मुलीने त्या रात्री दोन वाक्यं काढली. त्यांच्या जागी एका कंपनीच्या ताळेबंदावर स्वतः केलेलं दोन पानांचं टिपण जोडलं. जास्त उत्तरं येतील की कमी, मी सांगू शकत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीत गरीब मुलगा वार लावून शिकायचा. सोमवारी या घरी जेवण, मंगळवारी त्या घरी. त्यात जात बघितली जायची, म्हणून तर कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात समाजासमाजांची बोर्डिंगं निघाली. मुलाला दारोदार मागावं लागू नये अशी सोय मोठ्यांनी केली. आज दोन महिन्यांच्या कामासाठी ती सोय कुठे आहे? एवढ्याशा मुलीने चाळीस दारं वाजवायची आणि आपण तिच्या संकोचाची चर्चा करायची.

आणि दारं आपलीही आहेतच की. आमच्या कॉलनीतल्या एका मोठ्या पदावरच्या गृहस्थांना डिप्लोमाच्या मुलांची ट्रेनिंगसाठी अशीच पत्रं येतात. ते म्हणाले, "वहिनी, कुणाकुणाला उत्तर देणार? ओळखीचं कुणी असेल तर बघतो." त्यांची पत्नी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "'जागा नाही' एवढं लिहायला किती वेळ लागतो हो?" त्यांनी मोबाइल काढला आणि किती पत्रं साठली आहेत ते मोजायला लागले.