सारथ्यधर्म
॥ श्री ॥

गुहागरचा श्री व्याडेश्वर हे कोकणातील अनेक कुळांचे कुलदैवत. लग्नकार्य, मुंज अथवा बाळाचा जन्म झाला की कुटुंबे दूरदूरच्या शहरांतून येथे दर्शनास येतात. बहुतेकांची वाट चिपळूणवरून असते. चिपळूण हे रेल्वे स्थानकाचे, बाजारपेठेचे, दवाखान्यांचे व वाहनदुरुस्तीचे गाव, तर गुहागर नारळी-पोफळीच्या बागांचे, सागरतीरीचे क्षेत्र. दोहोंमधील सुमारे ४५ कि.मी.चा मार्ग रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी अशी गावे घेत चढ-उतारांनी व वळणांनी जातो. देशावरून येणाऱ्यांना त्यापूर्वी कुंभार्ली घाटही उतरावा लागतो.

कठोपनिषदात शरीरास रथ, आत्म्यास रथी, बुद्धीस सारथी, मनास लगाम आणि इंद्रियांस घोडे म्हटले आहे. या रूपकाचा अर्थ घाटात प्रत्यक्ष उमगतो. चढावर वाहन दमते, परंतु उतारावर माणूस फसतो. जाणता चालक उतारावर खालचा गिअर ठेवतो. इंधन वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रल केली, तर इंजिनाची पकड सुटते. सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर साथ सोडतात. मनुष्याच्या आचरणाचेही असेच आहे. लोकलज्जा व शिक्षेचे भय हे बाहेरचे ब्रेक होत. वृत्तीत संयम नसेल, तर केवळ त्यांच्या आधारे उतार निभावत नाही.

अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्यास आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. चढावर थांबलेल्या वाहनास पुन्हा गती घेणे कठीण जाते. ज्याची वाट सोपी झाली, त्याने ओझे घेऊन चढणाऱ्यासाठी क्षणभर थांबावे. दानधर्माचे मर्म याहून निराळे नाही.

तथापि अनेक यात्रांत हा विवेक घाईपुढे हरतो. पहाटेच्या अभिषेकासाठी कुटुंब मध्यरात्री निघते. चालकाने दिवसभर काम केलेले असते, त्याचे डोळे जड होतात, मागील आसनावर मुले झोपलेली असतात. आणि वेळ चुकेल या चिंतेने कोणी ‘थांबा’ म्हणत नाही.

महाभारताच्या द्रोणपर्वातील प्रसंग अशा वेळी स्मरावा. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध, अन्यथा अग्निप्रवेश, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. पळापळाला मोल होते. तरीही घोडे थकलेले व बाणांनी घायाळ झालेले पाहून भर रणांगणात रथ थांबविण्यात आला. अर्जुनाने बाणाने भूमीतून पाणी काढले. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण उपटले, त्यांना पाणी पाजले आणि विसावा दिला. पुढे प्रतिज्ञाही पूर्ण झाली. प्रत्यक्ष भगवंतांनी विश्रांतीस कालापव्यय मानले नाही, तेथे अभिषेकाची घटका टळेल म्हणून निद्रिस्त डोळ्यांनी वाहन हाकणे ही भक्ती कशी ठरावी? तासाभराच्या विलंबाने पूजेचे फल उणे होत नाही. एका डुलकीने मात्र घरातील दिवा विझतो.

हाच विवेक पावसाळ्यातही हवा. सन २०२१ च्या जुलै महिन्यात वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले होते. अतिवृष्टीत वाट बंद असेल, तर आहे तेथूनच हात जोडावेत. भाव असेल तेथून नमस्कार पोचतो.

आणखी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. कुटुंब गाभाऱ्यासमोर उभे असते, तेव्हा त्यास सुखरूप आणणारा चालक गाडीपाशीच बसलेला असतो. ज्या धर्मात भगवंतांनी स्वतः सारथ्य पत्करले, त्या धर्मातील यात्रेकरूंनी आपल्या सारथ्यास दर्शनाविना, भोजनाविना, निद्रेविना ठेवू नये. त्यास सोबत दर्शनास न्यावे, आपल्या पंक्तीला बसवावे आणि परतीपूर्वी पुरेशी झोप घेऊ द्यावी. देणगीदारांनीही अन्नदानाच्या संकल्पात त्याचे ताट धरावे.

यात्रा देवळाच्या पायरीशी संपत नाही. सर्वजण सुखरूप घरी पोचून देवापुढे दिवा लागतो, तेव्हाच ती पूर्ण होते.

॥ शुभं भवतु ॥