आंखलेलें काम आणि त्याचा कर्ता

कर्म कोणी केलें, हा प्रश्न आपल्याकडील विचारवंतांस नवा नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें मोजलीं आहेत आणि त्यांत कर्ता व करण हीं निरनिराळीं धरलीं आहेत. सुतार वेगळा, करवत वेगळी. इतकें समजण्यास तत्त्वज्ञान लागत नाहीं. परंतु अलीकडे करणाची एक अशी जात निघाली आहे कीं, तिच्यापाशीं कर्ता कोठें संपला आणि करण कोठें सुरू झालें हें ओळखणें जड जातें. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे. आरंभीं थोडें यंत्राचें वर्णन करावें लागेल, त्याबद्दल वाचकांनीं कंटाळूं नये.

संगणकावर चालणारीं निरनिराळीं कामें एकमेकांस जोडून देण्यासाठीं आतां चित्रफलक मिळतात. नोड-रेड हा त्यांतला एक प्रसिद्ध. आयबीएम कंपनीच्या इंग्लंडांतील दोघा अभियंत्यांनीं तो २०१३ सालीं तयार केला व त्याच वर्षीं सर्वांस खुला झाला. बर्लिन शहरीं २०१९ सालीं निघालेला एनएटएन हा दुसरा. या फलकावर लहान लहान चौकटी मांडावयाच्या, एकीच्या उजव्या कडेपासून दुसरीच्या डाव्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची, कीं त्या रेघेवरून निरोप वाहूं लागतो. शाळेचें उदाहरण घ्या. पालकानें प्रवेशाचा अर्ज भरला कीं पहिली चौकट जागी होते. दुसरी त्यांतील नांव, इयत्ता व पत्ता निवडून काढते. तिसरी तें सर्व नोंदवहींत चढविते. चौथी फी आली आहे कीं नाहीं हें पाहते आणि तेथें वाट दुभंगते. एका वाटेनें आभाराचें पत्र जातें, दुसऱ्या वाटेनें तगादा. एवढें आंखून झालें म्हणजे कोपऱ्यांतील एक बटण दाबावयाचें. त्या क्षणापासून रात्रीं दोन वाजतां, ऐन दिवाळींत, मुख्याध्यापक अंथरुणास खिळलेले असतांनाहि तें चित्र आपलें काम करीत राहतें.

आकृतीनें काम दाखविण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रँक व लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्यानें १९२१ सालीं अमेरिकेंतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढें कामाच्या पायऱ्या आकृतींत मांडण्याची रीत ठेविली. पुढें गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनीं संगणकाच्या गणितासाठीं तशाच आकृति योजिल्या. पण त्या कागदावरच्या होत्या. त्या पाहून काम कोणा माणसानें करावयाचें, किंवा त्यांवरून कोणी यंत्राच्या भाषेंत आज्ञा लिहावयाच्या. आतां मधला हा माणूस गळाला आहे आणि नकाशाच प्रवासाला निघाला आहे. याहू कंपनीच्या पाइप्स या साधनानें २००७ सालींच ही गंमत सामान्य लोकांच्या हातीं दिली होती. २०१५ सालीं कंपनीनें तें बंद केलें, तेव्हां त्यावर लोकांनीं उभारलेलीं कामेंहि त्याच्याबरोबर थांबलीं. परक्याच्या ओट्यावर मांडलेल्या संसाराचें हें असेंच व्हावयाचें.

आमचें लक्ष मात्र त्या गळालेल्या माणसाकडे आहे. आगाऊ नियम करून ठेवणें यांत स्वतः कांहींच गैर नाहीं. मृत्युपत्र हा आगाऊ केलेला नियम आहे, व्रत आहे, कायदाहि आहे. आज शांत मनानें ठरवावें आणि उद्यांच्या लहरीस त्यांत ढवळाढवळ करूं देऊं नये, यांत माणसाचें मोठेपणच आहे. परंतु आजवर असा नियम अमलांत येतांना कोणाच्या तरी मनांतून जात असे. तगाद्याचें पत्र लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातीं लेखणी असे आणि पत्त्यावरचें नांव त्याच्या डोळ्यांखालून जाई. ‘यांच्या घरीं मागल्या आठवड्यांत मयत झाली आहे, हें पत्र चार दिवसांनीं धाडूं,’ असें त्यास वाटण्याची शक्यता होती. नियमानें त्याला ती मुभा दिलेली नसे, पण ती त्याच्याकडून काढूनहि घेतां येत नसे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरोखर बळकट आहे. ज्या कारकुनाची आम्ही आठवण काढतों तोच दुसऱ्या दिवशीं चिरीमिरी घेऊन एखाद्याचा कागद पुढें सरकवी, आणि तिसऱ्याचा आडनांव पाहून तळाशीं ठेवी. ज्यांनीं कचेरीच्या दारांत उन्हांत उभें राहून साहेबांच्या मर्जीची वाट पाहिली आहे, त्यांना चौकटी-रेघांचा हा निर्विकारपणा उपकारासारखा वाटला तर नवल नाहीं. यंत्र कोणाचा पुतण्या ओळखत नाहीं. माणसाच्या हातची दया नेहमीं ओळखीच्यांकडेच वळे, हें सांगणाऱ्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. जुन्या कारकुनास पुन्हां गादीवर बसवावें असें म्हणूनच आम्हीं म्हणणार नाहीं.

परंतु निर्विकार असणें आणि न्यायी असणें यांत किती अंतर पडूं शकतें याचा एक दाखला ऑस्ट्रेलियांत घडला. तेथें सेंटरलिंक नांवाचें सरकारी खातें बेकार व गरजू लोकांस मदत देतें. मदत घेणाऱ्यानें दर पंधरवड्याचें आपलें उत्पन्न कळवावयाचें असतें. २०१५ सालापासून सरकारनें या नोंदी करखात्याच्या नोंदींशीं यंत्रानें ताडून पाहण्याची योजना हातीं घेतली. लोक तिला रोबोडेट म्हणूं लागले. करखात्याकडे सबंध वर्षाचा आकडा असे. त्याला सव्वीसांनीं भागलें कीं पंधरवड्याचें उत्पन्न निघालें, असें धरण्यांत आलें. समजा, एका मनुष्यानें तेरा पंधरवडे काम करून प्रत्येकीं दोन हजार डॉलर मिळविले आणि पुढचे तेरा पंधरवडे बेकार राहून मदत घेतली. वर्षाचे झाले सव्वीस हजार. भागाकार सांगतो कीं, बेकारीच्या दिवसांतहि याला पंधरवड्यास हजार डॉलर मिळत होते आणि त्यानें ते लपविले. लगेच त्याच्या नांवें पत्र निघे. पूर्वीं अशी तफावत दिसली म्हणजे अधिकारी मालकाकडे चौकशी करीत. आतां आपण खोटे नाहीं हें दाखविण्याचा भार त्या माणसावरच पडला, आणि तोहि कित्येक वर्षांपूर्वींच्या पगाराच्या पावत्या धुंडाळून. २०१९ च्या नोव्हेंबरांत न्यायालयांत ही रीत बेकायदा ठरली. २०२० सालीं सरकारनें सुमारें ४,७०,००० मागण्यांपोटीं ७२ कोटि डॉलर परत देण्याचें जाहीर केलें. आणि २०२३ च्या जुलैंत कॅथरिन होम्स यांच्या चौकशी-आयोगानें या योजनेवर अतिशय कडक ठपका ठेविला. त्या पत्रांच्या ओझ्याखालीं कांहीं तरुणांनीं जीव दिला, हें त्यांच्या मातांनीं उघडपणें सांगितलें आहे.

ही योजना आम्हीं वर्णिलेल्या चित्रफलकावर आंखली होती असें आमचें म्हणणें नाहीं. पण तिची हाडें काढून पाहिलीं तर तींच तीन चौकटी आणि दोन रेघा दिसतील: इकडचा आकडा घ्या, तिकडच्याशीं ताडा, पत्र धाडा. चूक दोन चौकटींच्या मधल्या रेघेंत होती. रेघ एवढेंच सांगते कीं येथून तेथें कांहीं जातें. जें गेलें त्याचा अर्थ वाटेंत बदलला कीं काय, हें ती सांगत नाहीं. वर्षाचें उत्पन्न एका चौकटींतून निघालें आणि दुसरींत पोंचतांना पंधरवड्याचें झालें. चित्र दोन्ही वेळां सारखेंच स्वच्छ दिसलें असतें.

चित्राचें हें स्वच्छ दिसणें आम्हांस थोडें भयाचें वाटतें. या फलकांची मोठी स्तुति अशी करतात कीं, आज्ञांचें जंगल न वाचतांच काम कसें चालतें तें कोणासहि डोळ्यांनीं पाहतां येतें. स्तुति खरी आहे. हिशेब न शिकलेला संस्थाचालकहि आपल्या संस्थेचा व्यवहार एका दृष्टिक्षेपांत पाहूं शकतो ही लहान गोष्ट नव्हे. मात्र दिसतें तें सुचलेलें. जें सुचलें नाहीं त्याची चौकटच नसते आणि रिकाम्या जागेवर नजर ठरत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं कर्ते गृहस्थ वारल्यावर तीन वर्षें त्यांच्या जन्मदिवशीं एका संस्थेकडून दीर्घायुष्य चिंतणारा संदेश येत असे. मृत्यूचा दाखला त्याच संस्थेच्या दुसऱ्या खात्यांत पहिल्याच महिन्यांत पोंचला होता. दोन खात्यांमध्यें रेघ नव्हती, इतकेंच. तक्रार करावयास गेलेल्या मुलास उत्तर मिळालें, ‘तें आपोआप जातें हो.’

‘आपोआप’ या शब्दाची आम्हांस खरी चीड आहे. आपोआप पाऊस पडतो. पत्र कोणीतरी आंखलेलें असतें, कोणीतरी बटण दाबलेलें असतें; आणि आमच्या मतें कर्तृत्वाचा क्षण तोच. त्यानंतरच्या हजार पत्रांचें वजन त्या एका बोटावर येतें. आंखणारा आज वेगळ्या खात्यांत असेल, त्यानें तो मनुष्य कधीं पाहिला नसेल, म्हणून तें वजन नाहींसें होत नाहीं. धनुष्यापासून सुटलेला बाण आपोआप जातो असें कोणी म्हणत नाहीं.

याच साधनांत उपायाचीहि थोडी सोय आहे, हें सांगणें न्यायाचें होईल. एनएटएनमध्यें आणि मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेट या साधनांत अशी चौकट ठेवतां येते कीं, तेथें येऊन काम थांबतें आणि नेमलेल्या माणसानें होकार दिल्याशिवाय पुढें सरकत नाहीं. शाळेच्या तगाद्यापूर्वीं तेथें वर्गशिक्षकाचें नांव घालावें, पत्राखालीं खरी सही व भेटण्याची वेळ द्यावी. इतकें करणें अवघड नाहीं. अवघड निराळेंच आहे. महिनाअखेरीस त्या वर्गशिक्षकापुढें दीडशें होकार एकदम येऊन उभे राहतात, शाळा सुटावयास वीस मिनिटें उरलेलीं असतात, आणि ‘सर्वांस मान्य’ असें बटणहि बाजूलाच असतें.