सरकून बसा

रविवारची सकाळ आहे. नगरची सावेडी अजून पुरती जागी झालेली नाही.

मनमाड रस्ता सोडून आत वळा. हळू चला. कुठेही वेळेवर पोचायचं नाही.

एका तळमजल्याचं दार उघडं आहे. दाराशी चपला. मोठ्या, झिजलेल्या, एक जोडी अगदी इवलीशी.

तुमच्याही काढा. आत या.

एक मुलगा सतरंजी पसरतो आहे. टोक धरून तो ती झटकतो. धूळ उन्हाच्या पट्ट्यात वर चढते आणि सावकाश खाली बसते.

या सतरंजीकडे बघा. आज एवढंच करायचं आहे.

निळा पट्टा, लाल पट्टा. मधला भाग विटलेला. तिथे माणसं सगळ्यांत जास्त बसली आहेत. तळहात टेकवा. सूत खरखरीत लागतं.

श्वास घ्या. राहू द्या. सोडा.

इथे जमणाऱ्यांना मंडळी म्हणतात. शब्द आपल्या घरातलाच आहे. पंगतीला बसलेली मंडळी, गावाहून आलेली मंडळी. मराठी ख्रिस्ती माणसं चर्चलाही तेच म्हणतात, आणि मला हा शब्द फार जवळचा वाटतो. त्याला भिंत नाही, कळस नाही. नुसती माणसं.

मनात एकदा म्हणा. मंडळी.

आता ही सतरंजी मनातच मागे गुंडाळत न्या. एकेक पट्टा. सावेडी पुसट होते. नगर लहान होतं.

1831 साल संपत आलं आहे. तीन अमेरिकन मिशनरी नगरला येतात. ग्रेव्ह्ज, हर्वी, रीड. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ, ब्राह्मण घरातून ख्रिस्ताकडे आलेले.

1832 च्या मे महिन्यात हर्वी पटकीने जातात.

1833 मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन होते. त्याच वर्षी बाबाजीही जातात. पटकीच.

इथे थांबा.

मंडळी तान्ही आहे. तिला धरणारे हात एकेक करून सुटतात.

सतरंजीवर कोण उरलं आहे, बघा. मिशनने निराधारांसाठी चालवलेल्या आश्रयगृहातले काहीजण. आंधळे, लंगडे, म्हातारे. सुरुवातीच्या मंडळीत ते होते. कुणाच्या खिजगणतीत नसलेली ही माणसं मला या इतिहासात सगळ्यांत मोठी वाटतात.

डोळे मिटा. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासारखं ऐका. काठी जमिनीवर टेकते. शेजारी कुणीतरी खोकतं. कुणीतरी चाचपडत जागा शोधतं.

तुम्ही थोडे सरका.

श्वास घ्या. सोडा.

1839 मध्ये हरिपंत आणि नारायण हे दोघे भाऊ बाप्तिस्मा घेतात. ब्राह्मण घरातले. पुढे नेवासे, राहुरीकडच्या खेड्यांतून माणसं येऊ लागतात. बहुतेक महार आणि मांग, ज्यांची वस्ती गावाने वेशीबाहेर ठेवली होती.

आणि सतरंजी एकच आहे.

दोन गुडघ्यांमधल्या बोटभर जागेकडे बघा. पिढ्यान्‌पिढ्यांचं अंतर तिथे येऊन थांबलं आहे. कुणाचं अंग आक्रसलं असेल. कुणी धीर करून जरा पुढे सरकला असेल, आणि पुन्हा मागे झाला असेल. त्यांना घाई करू नका. त्यांच्याजवळ बसून राहा.

बोटभर जागा. तिच्यात श्वास सोडा.

पाटी घेतलेल्या मुली दिसतात. मिशनच्या सिंथिया फॅरार त्यांना शिकवतात, 1839 पासून 1862 मध्ये इथेच डोळे मिटेपर्यंत.

मग दुष्काळ. 1876 चा. पुन्हा 1899 चा. कोरडी जमीन, रिकामं मडकं, आईबाप गेलेली मुलं. मिशनच्या छायेत ती येतात. भाकरीसाठी आली, असा टोमणा त्यांच्या नातवंडांनीही ऐकला. त्या टोमण्याला आत्ता उत्तर देऊ नका. त्या मुलांच्या भुकेजवळ बसा.

एक पोर तुमच्या मांडीला टेकलं आहे. त्याचं अंग हलकं आहे.

पुन्हा सरका.

आता टाळ ऐका. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतात आणि नगरला राहतात. त्यांच्या लेखणीतून ख्रिस्ताचं नाव अभंगात येतं, ओवीत येतं. म्हाताऱ्या बायकांना चाल शिकवावी लागत नाही. जात्यावरची ओवी त्यांच्या अंगातच आहे.

टाळ थांबतो. त्याचा नाद राहतो. तो पुरता विरेपर्यंत ऐका.

अजून आहे. अजून.

आता नाही.

सतरंजी उलगडत परत या. पट्टा पट्टा. सावेडी. वर सदनिका, खिडकीत वाळत घातलेले कपडे. कुणी खेड्यातून नगरला आलं, कुणी जुन्या नगरातून इकडे. शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, रिक्षा लावून आलेला एक माणूस आहे. खोली भरली आहे.

पाळकसाहेब पुस्तक उघडतात. पानांचा आवाज.

एवढ्यात दाराशी एक आजी. दम लागलेला. पदराने कपाळ पुसते आणि आत बघते. जागा दिसत नाही.

कुणी काही बोलत नाही. पुढच्या रांगेतलं एक अंग हलतं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. विटलेल्या सुतावर एक लहानसा चौकोन मोकळा होतो. निळा पट्टा, अर्धा लाल.

आजी बसते.

तिचा श्वास ऐका. तो खाली येईपर्यंत.